नामनिर्देशिती (विद्यापीठ प्राधिकरणे)

एखाद्या प्राधिकरणाचा सदस्य बैठकीस स्वतः उपस्थित राहू शकत नसल्यास, कायद्याने दिलेल्या मुभेनुसार तो ज्या व्यक्तीस आपल्या जागी पाठवतो, तिला नामनिर्देशिती असे म्हणतात. सार्वजनिक विद्यापीठांच्या बाबतीत ही मुभा सर्व सदस्यांना नसते. महाराष्ट्रात ती शासनाच्या काही पदसिद्ध सदस्यांना आहे. निवडून आलेल्या किंवा व्यक्तिशः नेमलेल्या सदस्याने आपल्याऐवजी दुसऱ्यास बसवावे, अशी तरतूद विद्यापीठ कायद्यात नाही. विद्यापीठाच्या मुख्यालयापासून दूर असलेल्या भागांसाठी हा भेद महत्त्वाचा ठरतो, कारण तेथून निवडून गेलेला सदस्य बैठकीस पोहोचला नाही, तर त्याची जागा त्या दिवसापुरती रिकामीच राहते.

संज्ञा

‘नामनिर्देशित सदस्य’ आणि ‘सदस्याचा नामनिर्देशिती’ या दोन संज्ञांचा व्यवहारात घोटाळा होतो. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतही तो वारंवार आढळतो. कुलपतींनी अधिसभेवर नेमलेली व्यक्ती ही नामनिर्देशित सदस्य होय. विधानसभेचे अध्यक्ष व विधान परिषदेचे सभापती यांनी अधिसभेवर पाठवलेले आमदारही याच वर्गात मोडतात. अशी व्यक्ती एकदा नेमली गेली की ती स्वतःच सदस्य असते. तिला नेमणारा त्या जागेचा मालक राहत नाही. याउलट नामनिर्देशिती हा मूळ सदस्याच्या जागेवर बसतो. जागा मूळ सदस्याची किंवा त्याच्या पदाचीच असते.

तिसरा प्रकार विशेष निमंत्रितांचा. त्यांना चर्चेत बोलता येते. मात्र मत देता येत नाही आणि गणपूर्तीतही त्यांची मोजणी होत नाही. बोलीभाषेत या सगळ्यांना मिळून ‘प्रॉक्सी’ म्हटले जाते. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना हा शब्द मित्राच्या नावाची हजेरी लावण्याच्या संदर्भात चांगलाच परिचित आहे. नामनिर्देशिती मात्र स्वतःच्या नावाने, उघडपणे आणि कायद्याच्या आधाराने बसतो.

महाराष्ट्रातील तरतूद

राज्यातील बिगर-कृषी सार्वजनिक विद्यापीठांचा कारभार महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार चालतो. हा कायदा १ मार्च २०१७ पासून अमलात आला. त्यापूर्वी १९९४ चा महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियम लागू होता. नव्या कायद्याची पार्श्वभूमी अनिल काकोडकर, अरुण निगवेकर व राम ताकवले यांच्या अध्यक्षतेखालील समित्यांच्या अहवालांनी तयार केली होती.

कायद्याच्या कलम २८ मध्ये अधिसभेची रचना दिली आहे. अधिसभेला सामान्यतः ‘सिनेट’ म्हणतात. विद्यापीठाच्या अंदाजपत्रकाविषयीचे प्रमुख प्राधिकरण तेच होय. तिच्यात तीन प्रकारचे सदस्य एकत्र बसतात. कुलगुरू, प्र-कुलगुरू, अधिष्ठाता यांसारखे सदस्य पदामुळे येतात. प्राचार्य, संस्थाचालक, अध्यापक व नोंदणीकृत पदवीधर यांचे प्रतिनिधी मतदानाने येतात. उरलेले नामनिर्देशनाने येतात.

पर्यायी व्यक्तीची मुभा पहिल्या प्रकारात, आणि तिथेही निवडक ठिकाणी आढळते. उच्च शिक्षण संचालक व तंत्रशिक्षण संचालक यांच्याविषयी कायदा असे सांगतो की, ते स्वतः किंवा सहसंचालकापेक्षा कमी दर्जाचा नसलेला त्यांचा नामनिर्देशिती सदस्य असेल. कारण व्यावहारिक आहे. उच्च शिक्षण संचालकांचे कार्यालय पुण्यात आणि तंत्रशिक्षण संचालकांचे मुंबईत आहे. नागपूर, अमरावती, गडचिरोली, नांदेड, जळगाव, कोल्हापूर अशा सर्व विद्यापीठांच्या बैठकांना एकाच अधिकाऱ्याने जातीने हजर राहणे शक्य नाही. विभागीय सहसंचालक मात्र त्या त्या भागातच असतात.

दर्जाची अट वरकरणी किरकोळ वाटते. प्रत्यक्षात सगळे तिच्यावरच अवलंबून आहे. ती नसती, तर संचालकांच्या खुर्चीवर एखादा कनिष्ठ लिपिकही बसवता आला असता. प्रत्येक प्रश्नावर ‘वरिष्ठांना विचारून कळवतो’ एवढेच त्याला सांगता आले असते, आणि शासनाची बाजू बैठकीत असूनही नसल्यासारखी झाली असती.

सदस्यांच्या गैरहजेरीमुळे निर्णय अडून राहत नाहीत, हेही लक्षात घेतले पाहिजे. एखादी जागा रिक्त आहे किंवा प्राधिकरणाच्या रचनेत दोष आहे, एवढ्याच कारणावरून त्याची कार्यवाही अवैध ठरत नाही, असे कायदा सांगतो. एखादा सदस्य आला नाही तरी गणपूर्ती असेल तर बैठक होते आणि ठराव संमत होतात.

भेदामागील तत्त्व

सोपवलेला अधिकार, तशी स्पष्ट परवानगी नसताना, पुढे तिसऱ्याकडे सोपवता येत नाही, हे प्रशासकीय कायद्याचे जुने तत्त्व आहे. मतदारांनी एखाद्या पदवीधरास निवडले ते त्याची ओळख, मते व चारित्र्य पाहून. तो विश्वास हस्तांतरणीय नसतो. संचालकपदाचे तसे नाही. आजचे संचालक उद्या निवृत्त होतात, दुसरे येतात, तरी त्या जागेवरून शासनाचेच म्हणणे मांडले जाते. तेथे बोलत असते ते पद. त्यामुळे त्याच खात्यातील दुसऱ्या अधिकाऱ्याने ते म्हणणे मांडल्याने जागेचे स्वरूप बदलत नाही.

राखीव जागांचा विचार केला की हा मुद्दा अधिक तीव्र होतो. अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांमधून दहा सदस्य निवडले जातात. त्यांपैकी पाच जागा अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांच्यासाठी प्रत्येकी एक याप्रमाणे राखीव असतात. या जागेवरून निवडून आलेल्या सदस्यास वाटेल त्या व्यक्तीला पाठवता आले असते, तर राखीव जागा निवडणुकीपुरतीच राखीव राहिली असती.

केशोरी आणि गोंदिया जिल्हा

केशोरी हे गाव गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेकडील अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गडचिरोली जिल्ह्याच्या सीमेलगतच्या वनपट्ट्यात आहे. गाढवी नदीवरील इटियाडोह धरण याच परिसरात आहे. भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. मात्र विद्यापीठ बदलले नाही. नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. १९२३ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे क्षेत्र एकेकाळी मध्य प्रांत व वऱ्हाड एवढे विस्तृत होते. पुढे ते टप्प्याटप्प्याने आकसत गेले. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाल्यावर चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हेही त्यातून वेगळे झाले. परिणामी केशोरीच्या पलीकडे, जिल्ह्याची सीमा ओलांडताच देसाईगंज परिसरातील महाविद्यालये गोंडवाना विद्यापीठाकडे जातात, आणि अलीकडच्या विद्यार्थ्यांचा कारभार नागपुरातून चालतो.

केशोरीहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर आहे. दिवसभर चालणाऱ्या बैठकीसाठी या भागातील सदस्यास पहाटे निघावे लागते किंवा आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करावा लागतो. नागपूर शहरातील सदस्यास ही अडचण नाही. कागदोपत्री दोघांचे मत सारखेच आहे. महाविद्यालयांची संलग्नता, परीक्षा केंद्रे, शुल्क, पदवी प्रमाणपत्रास होणारा विलंब या विषयांचा ग्रामीण विद्यार्थ्यांशी थेट संबंध येतो. गावाजवळचे परीक्षा केंद्र रद्द झाले, तर वनपट्ट्यातील मुलींची परीक्षाच हुकण्याची वेळ येते. असा विषय निघाला असताना तालुक्याची परिस्थिती ठाऊक असलेला सदस्य गैरहजर असेल, तर ती मांडणारे दुसरे कोणी तेथे असेलच असे नाही.

या कारणास्तव दूरच्या भागातील निर्वाचित सदस्यांनाही प्रतिनिधी पाठवू द्यावा, असा युक्तिवाद करता येतो, आणि तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही. मात्र याच भागातील ग्रामपंचायतींचा अनुभव उलट दिशेने बोट दाखवतो. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली आणि पंचायतींमध्ये महिलांसाठी एक-तृतीयांश जागा राखीव झाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. त्यानंतर राज्यभर ‘सरपंचपती’ हा शब्द रूढ झाला. निवडून आलेल्या पत्नीच्या नावाने पतीने कारभार हाकणे, सभेत बोलणे, कागदांवर तिच्या सह्या घेणे, असा त्याचा अर्थ. कायद्यात या व्यवस्थेला कोठेही आधार नाही. जे अनधिकृतपणे इतक्या सहजतेने चालते, ते अधिकृत केल्यास कोणत्या थराला जाईल, हा प्रश्न विद्यापीठांच्या बाबतीतही गैरलागू ठरत नाही. अर्थात पुष्कळ गावांतील महिला सरपंचांनी कारभार स्वतःच्या हाती घेतला आहे. तरीही हा शब्द भाषेतून गेलेला नाही.

अन्य संस्थांतील रीत

ग्रामपंचायत सदस्याला पर्यायी व्यक्ती पाठवता येत नाही. उलट रजा न घेता सलग सहा महिने सभांना गैरहजर राहिल्यास त्याचे सदस्यत्व संपुष्टात येते. आमदारांच्या बाबतीत संविधानाच्या अनुच्छेद १९० नुसार, सभागृहाच्या परवानगीशिवाय सदस्य साठ दिवस सर्व बैठकांना अनुपस्थित राहिला, तर सभागृह त्याची जागा रिक्त घोषित करू शकते. खासदारांसाठी अशीच तरतूद अनुच्छेद १०१ मध्ये आहे. भारतात संसदेत किंवा विधिमंडळात सदस्याच्या वतीने दुसऱ्याने मतदान करण्याची पद्धत नाही. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सने २०१९ पासून बाळंतपण व अपत्यसंगोपनाच्या रजेवरील सदस्यांना सहकारी सदस्याकरवी मत नोंदवण्याची सोय दिली; तिथेही मत नोंदवणारा सभागृहाचाच सदस्य असतो.

मतदारांची गोष्ट वेगळी आहे. सैन्यदलातील मतदारास आपल्या वतीने मतदान करण्यासाठी दुसऱ्याची नेमणूक करण्याची मुभा भारतात २००३ पासून आहे.

कंपनी कायदा या बाबतीत सर्वाधिक तपशीलवार आहे. २०१३ च्या कायद्यानुसार भागधारक सर्वसाधारण सभेला आपल्या जागी दुसऱ्या व्यक्तीस पाठवू शकतो. संचालक मंडळाच्या बैठकीत मात्र संचालकाला ती सवलत नाही. भागधारक स्वतःच्या मालमत्तेविषयी मत देतो. संचालक इतरांच्या वतीने निर्णय घेतो. संचालक किमान तीन महिने देशाबाहेर असेल, तर मंडळ पर्यायी संचालक नेमू शकते; मूळ संचालक परतताच पर्यायी संचालकाचे पद संपते. संचालक सलग बारा महिने एकाही बैठकीस आला नाही, तर त्याचे पद रिक्त होते.

नागपुरातील महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठाचे उदाहरण निराळे आहे. तेथे भारताचे सरन्यायाधीश किंवा त्यांनी नामनिर्देशित केलेले सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश कुलपती असतात. येथे पर्याय एखाद्या बैठकीपुरता नसून संपूर्ण पदाचा आहे. सार्वजनिक विद्यापीठांचे कुलपती राज्यपाल असतात. अधिसभेचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच असले, तरी बहुतेक बैठकांचे कामकाज कुलगुरू चालवतात. उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना प्र-कुलपती करण्याची तरतूद असलेले विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने संमत केले होते. त्यावर मोठा वाद झाला आणि सरकार बदलल्यानंतर ते मागे घेण्यात आले.

व्यवहारातील प्रश्न

नामनिर्देशितीची परवानगी असलेल्या ठिकाणीही काही प्रश्न उरतात. दर बैठकीला वेगळा अधिकारी आला, तर मागील चर्चेचा धागा तुटतो. आधीच्या बैठकीत एका अधिकाऱ्याने दिलेल्या आश्वासनाविषयी दुसरा अनभिज्ञ असतो. त्याचे मत मूळ सदस्यावर बंधनकारक मानायचे का, हाही वादाचा विषय होऊ शकतो. मत त्या जागेचे असल्याने ते बंधनकारक मानणे तर्कसंगत आहे. सदस्यास नंतर ते न पटल्यास विषय पुन्हा कार्यक्रमपत्रिकेवर आणण्याचा मार्ग त्याला खुला असतो.

गोंधळ टाळण्यासाठी नामनिर्देशनाचे लेखी पत्र बैठकीपूर्वी कुलसचिवांकडे पोहोचणे आणि इतिवृत्तात ‘अमुक यांच्या वतीने’ असा स्पष्ट उल्लेख असणे आवश्यक असते. हा उल्लेख नसेल, तर पाच वर्षांनी इतिवृत्त चाळणाऱ्यास मूळ सदस्य किती बैठकांना आला आणि किती बैठकांत त्याचा नामनिर्देशिती बसला, हे उलगडत नाही.

दूरस्थ उपस्थिती

२०२० मधील कोविड साथीत विद्यापीठांच्या बैठकाही दूरदृश्य प्रणालीने होऊ लागल्या. कंपनी कायद्याने संचालकांना दृक्‌श्राव्य माध्यमातून सहभागी होण्याची मुभा त्याआधीच दिली होती. या पद्धतीत सदस्य आपली जागा कोणाला देत नाही. तो स्वतः बोलतो, स्वतः मत देतो. निर्वाचित सदस्यांच्या बाबतीत नामनिर्देशितीपेक्षा ही सोय तत्त्वाशी अधिक सुसंगत आहे. गुप्त मतदान आणि कागदपत्रांची प्रत्यक्ष तपासणी या दोन कामांत ती अपुरी पडते. शिवाय वनपट्ट्यातील गावातून बैठकीस बसणाऱ्या सदस्याला वीज आणि जोडणी दोन्ही तासन्‌तास टिकावी लागतात. बोलण्याची पाळी आली असताना जोडणी तुटली, तर इतिवृत्तात तो उपस्थित दिसतो आणि त्याचे म्हणणे नोंदवले जात नाही. त्यामुळे अशा बैठकांच्या नियमांत जोडणी तुटल्याची वेळ नोंदवण्याची आणि त्या सदस्याला विषय संपण्यापूर्वी पुन्हा संधी देण्याची तरतूद असणे गरजेचे आहे.