कित्ता

माझं मराठी अक्षर वळणदार आहे असं लोक म्हणतात. श्रेय ज्ञानेश्वरीचं. शाळेतले गुरुजी रोज पाच ओव्या उतरवून आणायला सांगत. घरची बोली दखनी, संध्याकाळी मशिदीतल्या मक्तबात तख्तीवर अलिफ-बे आणि रात्री कंदिलापुढे ओव्या. अर्थ फारसा कळत नसे, पण हात वळत होता. पुढे कविता लिहू लागलो. एका संमेलनात एक बुजुर्ग कवी म्हणाले, ‘‘छान लिहिता हो, पण भाषा गिरवलेली वाटते.’’ तो शब्द बरीच वर्षं टोचत राहिला.

त्यावर उतारा सापडला तो चारशे वर्षांपूर्वीच्या एका मुलाच्या चित्रात.

मुलाचं नाव अबुल हसन. वडील आका रिझा हे हेरातचे चित्रकार, शहजादा सलीमच्या, म्हणजे पुढच्या जहांगीर बादशहाच्या पदरी असलेले. त्या काळी चित्रकला शिकायची म्हणजे उस्तादांची चित्रं उतरवायची. हरणाच्या पारदर्शक कातड्यावर रेषा घ्यायच्या, त्यांना सुईनं भोकं पाडायची आणि कोळशाची पूड त्यातून कागदावर झटकायची. हाच खाका. ‘खाक’ म्हणजे धूळ. आपण आजही कामाचा ‘खाका’ आखतो, पण त्यातली धूळ विसरलो आहोत.

1580 साली गोव्याहून निघालेले जेझुइट पाद्री फत्तेपूर सिक्रीला पोचले. त्यांनी अकबराला छापील चित्रं असलेलं बहुभाषिक बायबल भेट दिलं. अशी युरोपीय चित्रं मग दरबारी चित्रकारांचे कित्ते झाली. केशवदास या हिंदू चित्रकारानं संत मॅथ्यू उतरवला. ते चित्र आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. आणि अबुल हसनच्या हाती आलं जर्मन चित्रकार ड्यूररचं 1511 मधलं कोरीवचित्र : क्रूसावरचा येशू आणि शेजारी शोक करणारा त्याचा तरुण शिष्य, संत जॉन.

मुलानं त्यातला फक्त जॉन घेतला. हात एकमेकांत गुंतवून, मान वर करून उभा असलेला. क्रूस नाही, येशू नाही. येशू सुळावर गेले असं इस्लाम मानत नाही. पण म्हणूनच क्रूस गाळला, असं मी म्हणणार नाही. मोगल दरबारात क्रूसाचीही चित्रं निघाली आहेत. कारण काहीही असो, उरलं ते एका माणसाचं दुःख. ड्यूररच्या धातूवर कोरलेल्या रेघा इथे कुंचल्यानं मऊ झाल्या, वस्त्राच्या चुण्यांना गोलाई आली. तळहातात मावेल एवढं हे चित्र 1600-01 मधलं. आता ते ऑक्सफर्डच्याच ॲशमोलियन संग्रहालयात आहे. चित्रकाराचं वय तेरावं, अशी फारसी नोंद त्यावर आहे.

1618 साली जहांगीरनं याच अबुल हसनला ‘नादिर-उझ-झमान’, म्हणजे युगातला दुर्मीळ, हा किताब दिला. वडिलांच्या कामाशी याच्या कामाची तुलनाच नाही, असं त्यानं आत्मचरित्रात लिहून ठेवलं. इतरांचं गिरवत शिकलेला हात असा कुणासारखाच राहिला नव्हता.

आणखी एक गंमत. आपला ‘कित्ता’ हा शब्द अरबी ‘कित्आ’वरून आला आहे. कित्आ म्हणजे तुकडा. सुलेखनाचा नमुनाही त्याच नावानं ओळखला जातो. म्हणजे मी ज्ञानेश्वरीचा कित्ता गिरवत होतो, तेव्हा मक्तबातली तख्ती आणि गुरुजींची वही यांच्यात मला वाटत होतं तेवढं अंतर नव्हतंच.

ते बुजुर्ग कवी आता हयात नाहीत. असते, तर सांगितलं असतं : होय, गिरवली आहे. रोज पाच ओव्या. काय घ्यायचं आणि काय सोडायचं, ते मात्र माझं मी ठरवलं.