पुणे जिल्ह्यातील एचआयव्ही-प्रतिबंध : 'जोखमीचा गट' या कल्पनेची फेरतपासणी

साथीच्या इतिहासात रोग कोणास झाला या प्रश्नाइतकाच तो कोणास होईल अशी समजूत रूढ होती, हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो. भारतात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम 1986 मध्ये मद्रास येथे वेश्याव्यवसायातील स्त्रियांमध्ये आढळला. त्यामुळे हा रोग विशिष्ट व्यवसायांचा आहे अशी समजूत दृढ झाली, आणि प्रतिबंधाची दृष्टी वेश्यावस्ती व ट्रकचालक यांवर खिळली. 1992 मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमास प्रारंभ झाला व त्याच वर्षी पुण्यानजीक भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली.

या समजुतीस पहिला मोठा धक्का पुण्यातूनच बसला. 1993 ते 1996 या काळात पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत आलेल्या 916 स्त्रियांची तपासणी करण्यात आली; तिचे निष्कर्ष 1997 मध्ये प्रसिद्ध झाले. वेश्याव्यवसायातील स्त्रियांपैकी 49.9 टक्के बाधित होत्या. परंतु त्या व्यवसायाशी संबंध नसलेल्या 391 स्त्रियांपैकीही 13.6 टक्के बाधित आढळल्या, आणि त्यांतील बहुसंख्य विवाहित, पतीखेरीज अन्य संबंध नसलेल्या होत्या. चिकित्सालयात येणाऱ्या स्त्रियांवरून सर्व समाजाचे प्रमाण काढणे अर्थातच योग्य नव्हे. तथापि एकनिष्ठता हेच संरक्षण, हा उपदेश पत्नीच्या बाबतीत निष्फळ ठरतो, एवढे मात्र निर्विवाद सिद्ध झाले.

या निष्कर्षाचा खरा अर्थ ग्रामीण भागात स्पष्ट होतो. शिरूर तालुक्यातील तळेगाव ढमढेरे हे वेळ नदीकाठचे गाव पुणे-अहिल्यानगर महामार्गापासून फार दूर नाही. परंतु अशा गावांचा विचार महामार्गावरील वाहनचालकांपुरताच केला, तर घरातील स्त्री हिशेबाबाहेर राहते. शिवाय जेथे दवाखान्यातील प्रत्येक चेहरा ओळखीचा असतो, तेथे केवळ या तपासणीसाठी जाणे हीच बदनामी ठरू शकते. म्हणूनच गरोदरपणाच्या नित्य तपासण्यांत, संमती घेऊन व गुप्तता राखून, एचआयव्हीची चाचणी समाविष्ट करणे ही निव्वळ सोय नव्हती. वेगळे पाडले जाण्याचे भय कमी करण्याचा तो मार्ग होता.

1 एप्रिल 2004 पासून शासकीय रुग्णालयांत विषाणुरोधक औषधे विनामूल्य देण्यास आरंभ झाला. पुढे 1763 जोडप्यांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात पुण्याचाही सहभाग होता. 2011 मध्ये जाहीर झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, बाधिताकडून जोडीदारास संसर्ग झाल्याच्या 28 प्रसंगांपैकी 27 उपचार लांबविलेल्या गटातील, तर केवळ एक लवकर उपचार मिळालेल्या गटातील होता. उपचार हाच प्रतिबंध ठरला. 2017 मध्ये निदान होताच सर्वांस उपचार देण्याचे धोरण भारताने स्वीकारले. त्याच वर्षी संमत झालेला, भेदभावास प्रतिबंध करणारा कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून अमलात आला.

2030 पर्यंत एड्सची साथ संपविण्याचे उद्दिष्ट जगापुढे आहे. औषध उपलब्ध असले, तरी ज्यास आपण बाधित आहोत हेच ठाऊक नाही त्यास त्याचा उपयोग नाही. आणि ज्यास 'जोखमीच्या गटा'बाहेरचे मानले जाते, तो तपासणीस सहसा जात नाही. पुण्याच्या 1997 मधील निष्कर्षाचे महत्त्व त्यामुळे अद्याप ओसरलेले नाही. साथ संपविण्याचा प्रश्न जितका औषधाचा, तितकाच कोणास मोजावयाचे याचाही आहे.