इटियाडोह परिसर : रेल्वे, रस्ते आणि प्रवासी सुरक्षेचे धोरण

इटियाडोह हे गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ गाढवी नदीवर बांधलेले मातीचे धरण. गाढवी ही वैनगंगेची उपनदी. १९७० च्या सुमारास पूर्ण झालेल्या या धरणाचे पाणी अर्जुनी मोरगावसह भंडारा जिल्ह्यातील लाखांदूर आणि गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज (वडसा) व आरमोरी तालुक्यांच्या धानशेतीला मिळते. तीन जिल्ह्यांच्या सीमा जुळतात असा हा जंगलाचा मुलूख. नवेगाव राष्ट्रीय उद्यान जवळच आहे आणि शेजारीच १९७२ पासूनची नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. धरणावर रेल्वे नाही. जवळची स्थानके अर्जुनी आणि वडसा. वाहतूक सुरक्षेची सरकारी धोरणे अशा ठिकाणी कितपत पोहोचतात, हे पाहण्यासाठी हा परिसर सोयीचा आहे, कारण इथे जवळजवळ प्रत्येक धोरणाची हद्द येऊन संपते.

कारभाराची वाटणी. राज्यघटनेनुसार रेल्वे आणि राष्ट्रीय महामार्ग केंद्राकडे आहेत, इतर रस्ते राज्याकडे आणि मोटार वाहनांचा विषय दोघांकडेही. प्रत्यक्षात ही वाटणी आणखी बारीक होते. अर्जुनी स्थानक दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात येते. २००३ मध्ये स्थापन झालेल्या या झोनचे मुख्यालय छत्तीसगडमधील बिलासपूरला आहे. एसटीचा विभाग अजून भंडाऱ्याचाच. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला वेगळा झाला, पण एसटीच्या नकाशात तो भंडारा विभागातच राहिला. या विभागाचे गोंदिया जिल्ह्यातील आगार दोनच, गोंदिया आणि तिरोडा. अर्जुनी मोरगाव तालुक्याला स्वतःचे आगार नाही. त्याला साकोली आणि गोंदियाच्या गाड्यांवर विसंबावे लागते. रस्त्यांपैकी काही सार्वजनिक बांधकाम विभागाचे, काही जिल्हा परिषदेचे, तर धरणाची पाळ आणि नहरालगतचा सेवापथ जलसंपदा विभागाचा. नहर तपासायला काढलेल्या या पथावरून गावकऱ्यांच्या सायकली, मोटारसायकली आणि धानाचे ट्रॅक्टर सर्रास जातात, कारण शेताला तीच वाट जवळची पडते. कागदोपत्री मात्र तो रहदारीचा रस्ता नव्हे.

रेल्वे. गोंदिया–नागभीड–चांदा हा मार्ग बंगाल नागपूर रेल्वेने १९०८ ते १९१३ या काळात अडीच फुटी रुळांवर उभारला. १९९० च्या दशकात तो टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाला आणि त्याचे रूपच पालटले. जंगलातून रमतगमत जाणाऱ्या गाडीच्या जागी उत्तर–दक्षिण मालवाहतूक आली, कोरबा–यशवंतपूर वैनगंगा एक्सप्रेससारख्या लांब पल्ल्याच्या गाड्या आल्या. मार्ग मात्र एकेरीच राहिला. गोंदिया–बल्लारशा दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मंजुरी दिली; लांबी २४० किमी, खर्च ४,८१९ कोटी रुपये.

या मार्गावरच्या माणसांसाठी रेल्वे सुरक्षेचे सर्वांत ठळक काम फाटकांचे. ब्रॉडगेजवरील विनाचौकीदार फाटके देशभरातून जानेवारी २०१९ अखेर संपवण्यात आली. कुठे चौकीदार नेमला, कुठे रुळांखालून भुयारी मार्ग काढला, कुठे फाटक बंद करून रस्ताच वळवला. चौकीदाराच्या फाटकावरचे काम बाहेरून दिसते तितके सोपे नसते. जे फाटक सिग्नलशी जोडलेले नाही, तिथे स्टेशन मास्तर दूरध्वनीवर गाडीची सूचना देतो. फाटक लावून कुलूप घातले की गेटमन त्याला एक खासगी क्रमांक सांगतो आणि दोघेही तो आपापल्या नोंदवहीत उतरवतात. हा क्रमांक म्हणजे फाटक बंद असल्याची हमी. कापणीच्या दिवसांत फाटकाच्या दोन्ही बाजूंना हार्वेस्टर, बैलबंड्या आणि पोत्यांनी भरलेल्या ट्रॉल्यांची रांग लागलेली असताना ही हमी पाळणे हेच त्या माणसाचे खरे काम असते. भुयारी मार्गांनी गाडी आणि माणूस वेगळे केले हे खरे, पण धानाच्या मुलखात ते पावसाळ्यात पाण्याने भरतात आणि तक्रार घेऊन जायचे तर कार्यालय बिलासपूर नाहीतर नागपूरला.

जंगलाचा प्रश्न वेगळा. १५ नोव्हेंबर २०१८ ला याच मार्गावर, चंद्रपूर जिल्ह्यातील चिचपल्लीच्या जंगलात, वाघाचे तीन बछडे गाडीखाली सापडून मेले. नवेगाव–नागझिरा (व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित डिसेंबर २०१३) आणि ताडोबा यांच्यामधल्या वाघांच्या येण्याजाण्याच्या वाटा हा लोहमार्ग कापतो. मे २०२३ पासून नागझिऱ्यात ब्रह्मपुरी परिसरातल्या वाघिणी आणून सोडल्या जात असताना दुसरा रूळ पडणार आहे. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१६ मध्ये रेल्वे, रस्ते आणि वीजवाहिन्यांसाठी वन्यजीवांना सुरक्षित वाट देण्याची मार्गदर्शिका काढली. दुहेरीकरणाच्या आराखड्यात ती किती उतरते, यावर इथले बरेच काही ठरेल.

टक्कररोधक ‘कवच’ यंत्रणा जुलै २०२० मध्ये राष्ट्रीय प्रणाली म्हणून स्वीकारली गेली, पण तिचा प्रसार मुख्य मार्गांपासून सुरू झाला. मुख्य मार्गही निर्धोक नाहीत, हे १७ ऑगस्ट २०२२ च्या पहाटे गोंदियाजवळ दिसले. भगत की कोठीला निघालेली प्रवासी गाडी पुढच्या मालगाडीवर आदळली, एक डबा रुळांवरून उतरला आणि अनेक प्रवासी जखमी झाले. रेल्वे अपघातात मृत्यू आल्यास भरपाईची रक्कम १ जानेवारी २०१७ पासून चार लाखांवरून आठ लाख झाली आहे. अनारक्षित तिकिटावर अर्जुनीहून वडशाला जाणाऱ्यालाही ती लागू आहे. तिकीट सापडले नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने रीना देवी खटल्यात २०१८ मध्ये स्पष्ट केले.

एसटी. २९ नोव्हेंबर २०२४ ला भंडाऱ्याहून गोंदियाला जाणारी शिवशाही बस सडक अर्जुनी तालुक्यात डव्वा गावाजवळ उलटली आणि ११ प्रवासी ठार झाले. समोरच्या दुचाकीला वाचवण्याच्या प्रयत्नात चालकाचा ताबा सुटल्याचे तेव्हाच्या वृत्तांत आले. राज्य सरकारने मृतांच्या वारसांना दहा लाख रुपये जाहीर केले. याच्या मागे २०१६ पासून चालत आलेली एक व्यवस्था आहे. एसटीच्या तिकिटात एक रुपया अपघात सहायता निधीचा असतो आणि त्यातून मृत्यूच्या प्रकरणी दहा लाखांपर्यंत मदत देता येते. वाहकाने फाडून दिलेल्या कागदावरचा हा रुपया कुणी वाचत नाही, पण गावाकडच्या माणसाच्या हाती येणारा हा सर्वांत स्वस्त विमा आहे.

ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट, या दोन्ही योजना सुरक्षेसाठी आखलेल्या नव्हत्या. तरीही धोकादायक वाहनातून माणसे एसटीत खेचण्याचे काम त्यांनी कोणत्याही जनजागृती सप्ताहापेक्षा अधिक केले असावे. अट एवढीच की गावात एसटी यायला हवी. जिथे सकाळी एक फेरी येते आणि संध्याकाळी एक, तिथे अर्धे तिकीट असून नसून सारखे. २०२१–२२ च्या दीर्घ संपात तीही फेरी थांबली होती.

बिनतिकीट प्रवासी. इथल्या वाहतुकीचा मोठा भाग काळीपिवळी, मालवाहू पिकअप आणि ट्रॅक्टरची ट्रॉली यांवर चालतो. टप्प्याटप्प्यावर माणसे उतरवत–घेत जाण्याचा परवाना ग्रामीण महाराष्ट्रात मुख्यतः एसटीकडे. काळीपिवळीला ठरावीक प्रवाशांची मर्यादा आहे आणि ती क्वचितच पाळली जाते. जून २०१९ मध्ये साकोली–लाखांदूर रस्त्यावर कुंभलीजवळ काळीपिवळी चुलबंद नदीच्या पुलावरून खाली कोसळली, तेव्हा काही दिवस तपासण्या झाल्या. रोवणीच्या हंगामात मजूर बायकांची ने-आण पिकअप आणि ट्रॉलीतूनच होते. दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस आले की झाडीपट्टीच्या नाटकांची वडशातील मंडळे आणि त्यांचे प्रेक्षक रात्रभर याच रस्त्यांवर असतात.

या माणसांचे कायद्यात स्थान काय? मोटार वाहन कायद्याच्या कलम १४७ मधील सक्तीचा विमा मालवाहू गाडीतल्या मालाच्या मालकाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला संरक्षण देतो. फुकट वा भाडे देऊन मागे बसलेल्या इतरांना तो लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी खटल्यात २००२ मध्ये ठरवले. म्हणजे रोवणीला निघालेली बाई ट्रॉलीतून पडली तर तिच्या घरच्यांना दावा मुख्यतः ट्रॅक्टरमालकावर लावावा लागतो, आणि हा मालक बहुधा त्याच गावचा, ज्याच्याकडे पुढच्या वर्षी पुन्हा कामाला जायचे असा शेतकरी. असे दावे फार लागत नाहीत, यात नवल नाही. रेल्वेच्या आणि एसटीच्या भरपाईची साखळी तिकिटापासून सुरू होते. ज्याच्या हाती तिकीटच नाही तो तिच्या बाहेर राहतो.

रस्ते आणि पूल. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत (२५ डिसेंबर २०००) सर्वसाधारण भागात ५०० लोकवस्तीची आणि आदिवासी भागात २५० ची अट होती, म्हणून लहान आदिवासी पाड्यांनाही डांबरी रस्ता मिळू शकला. वनजमिनीतून छोटा रस्ता काढायचा तर वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) ने वाट मोकळी केली आहे : एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस. पण याच रस्त्यांवरचे ठेंगणे पूल तसेच राहिले. इटियाडोहचा सांडवा ओसंडून वाहू लागला की गाढवीच्या काठच्या गावांचा संपर्क तुटतो आणि पुलावरून पाणी असतानाही कुणीतरी मोटारसायकल घालतोच. महाडजवळ सावित्री नदीवरील पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेल्यावर राज्यातल्या पुलांच्या तपासणीचा आग्रह वाढला. लहान रपट्यांपर्यंत तो फारसा उतरला नाही. नोव्हेंबरमध्ये दुसरा धोका येतो. डांबरी रस्त्याची अर्धी बाजू व्यापून धान वाळत घातलेले असते, राखणीला कडेला दगड ठेवलेले, आणि अंधारात दुचाकी त्या दगडांवर जाते. ज्या शेतकऱ्याच्या घरासमोर खळे नाही त्याला दंड करून हा प्रश्न सुटणार नाही.

रस्त्याच्या सुरक्षेला इथे आणखी एक अर्थ होता. शेजारच्या कुरखेडा तालुक्यात १ मे २०१९ च्या पहाटे दादापूर येथे नक्षलवाद्यांनी रस्त्याच्या कामावरची वाहने जाळली. तिकडे निघालेल्या शीघ्र कृती दलाची गाडी जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाने उडवली गेली आणि १५ पोलीस जवान व खासगी गाडीचा चालक मृत्युमुखी पडले. नक्षलग्रस्त भागासाठी केंद्राने २०१६ मध्ये स्वतंत्र रस्ते योजना आणली होती ती अशाच हिंसेच्या पार्श्वभूमीवर.

अपघातानंतर. केंद्राच्या निकषानुसार सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात किंवा दहा मृत्यू झाले, तर ते ठिकाण ‘ब्लॅक स्पॉट’ ठरते. महामार्गासाठी हा निकष योग्य आहे. विरळ वाहतुकीच्या जंगल रस्त्यावर अपघात विखुरलेले असतात, एका ठिकाणी साचत नाहीत, आणि यादीत येत नाहीत. २०२२ मध्ये महाराष्ट्रात रस्ते अपघातांत १५,२२४ माणसे गेली. त्यांतली अशा रस्त्यांवरची शोधायची तर पोलीस ठाण्याच्या नोंदीच चाळाव्या लागतात.

जखमीला उचलून नेणाऱ्याला पोलिसांचा त्रास होऊ नये, यासाठी मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ आले. राज्यात २०१४ पासून १०८ रुग्णवाहिका आहे. मोठ्या उपचारासाठी गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठायचे की ब्रह्मपुरीच्या खासगी दवाखान्यांकडे वळायचे, हा निर्णय सोबतचे लोक वाटेतच घेतात. मे २०२५ मध्ये केंद्राने रस्ते अपघातातील जखमींसाठी विनारोकड उपचार योजना अधिसूचित केली : अपघातापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत. कोणत्याही रस्त्यावर मोटार वाहनाने झालेल्या अपघातातील कुणालाही ती लागू आहे. जखमी तिकीट काढून बसला होता की ट्रॉलीच्या फाळक्याला धरून उभा होता, हे तिथे विचारले जात नाही. पूर्ण उपचार मात्र नेमून दिलेल्या रुग्णालयातच मिळतो; इतरत्र फक्त प्रकृती स्थिर करण्यापुरता.