चंडीगडची पाटी कोरी नव्हती

चंडीगडला भूतकाळ नाही, हे मत आता वादातीत मानले जाते. त्याची बाजू दुबळी नाही. फाळणीत लाहोर गेले आणि पंजाबला राजधानी हवी होती. नेहरूंना परंपरेच्या ओझ्यातून मोकळे शहर हवे होते आणि १९५१ मध्ये वास्तुविशारद ल कार्बुझिए यांनी त्याचा आराखडा हाती घेतला. आराखडा नवा होता, हे निर्विवाद. पण आराखडा नवा म्हणून भूमीही रिकामी, हा निष्कर्ष कोणत्या न्यायाने निघतो?

मनीमाजरा हा कसबा आज चंडीगडच्याच हद्दीत आहे. अठराव्या शतकात मोगल सत्ता खिळखिळी होताच गरीबदास या शीख सरदाराने ८४ गावे ताब्यात घेऊन येथे आपली राजधानी केली. त्याचा मुलगा गोपालसिंग याने १८११ ते १८१५ या काळात जवळच मनसादेवीचे मंदिर बांधले. राजधानी, राजवंश, देवस्थान: इतिहास म्हणायला आणखी काय हवे?

कोणी म्हणेल, कसबा म्हणजे मोठे खेडेच. ब्रिटिश काळातील गॅझेटियर वेगळे सांगते. येथे बांबूच्या वस्तू बनत, दळणाची जाती घडवली जात आणि खालच्या डोंगरांतले आले व मसाले येथे विकले जात. शिवालिकच्या पायथ्याशी डोंगर आणि मैदान यांचा व्यवहार जुळवणारे ठिकाण खेडे नसते. ती पेठ असते. पुढे वारसाअभावी संस्थान खालसा झाले, तरी व्यापार चालूच राहिला. या गावाचा प्राण गादीत नव्हता, बाजारात होता.

दुसरा आक्षेप असा, की मनीमाजरा मूळ आराखड्याबाहेर होता. मग आराखड्याच्या आत काय होते? सेक्टर १७ च्या भूमीत हडप्पाकालीन दफनभूमी सापडली. बुरैल गाव सेक्टर ४५ मध्ये आजही उभे आहे. शहराचे नावच चंडीच्या जुन्या मंदिरावरून आले. आणि ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी राजधानीसाठी घेतल्या, ते शेतकरी काय निर्जन माळावर नांगर धरीत होते?

हा वाद केवळ पंजाबचा नाही. आगरी-कोळ्यांची गावे आणि बेलापूरचा किल्ला असलेल्या भूमीवर नवी मुंबई उभी राहिली. तिलाही आपण सर्रास नव्याने वसवलेले शहर म्हणतो. भूमी रिकामी होती असे एकदा मान्य केले, की तेथून उठवलेल्या माणसांचा हक्कही आपोआप रिकामा ठरतो. म्हणून हे मत केवळ चुकीचे नाही, अन्यायकारकही आहे. कार्बुझिएंचे मोठेपण मान्य करायला मनीमाजरा विसरावा लागत नाही. पुरावा समोर आहे. निवाडा वाचकांनी करावा.