शेवाळ्याची बाग

पायरीवर शेवाळे धरले की ती खरवडून घासावी, हा गृहस्थाचा सर्वसाधारण शिरस्ता. जपानातील क्योटो नगरीत मात्र याच शेवाळ्याला उद्यानकलेत मानाचे स्थान लाभले. आणि तेही बऱ्याच अंशी अनवधानाने.

क्योटोच्या पश्चिमेस साइहो-जी नावाचे बौद्ध मंदिर आहे. झेन पंथाचे आचार्य मुसो सोसेकी यांनी १३३९ साली त्याचा जीर्णोद्धार करून उद्यान रचले. खाली तळे, वर डोंगरउतारावर निर्जल शिलारचना. त्यांच्या योजनेत शेवाळ्याला स्थान नव्हते. पंधराव्या शतकात शोगुन योशिमासाने गिंकाकु-जीचे उद्यान याच नमुन्यावर आखले. १४६७ ते १४७७ च्या ओनिन युद्धात मंदिर जळाले. पुढे पुरांनी हानी केली, निगराणीस द्रव्य उरले नाही. झाडे माजली, सावली दाटली आणि ओलसर भूमीवर शेवाळे पसरले. आज तेथे त्याच्या सुमारे १२० जाती सांगतात, आणि लोक त्या स्थळाला ‘कोकेदेरा’, शेवाळ्याचे मंदिर, याच नावाने ओळखतात. आचार्यांना हे रुचले असते काय, हा प्रश्नच आहे.

जे उपेक्षेने उगवले, ते जाणीवपूर्वक लावण्याचे काम नंतरच्यांनी केले. १९३९ साली शिगेमोरी मिरेई यांनी तोफुकु-जी मंदिरात जुन्या फरसबंदीचे चौकोनी दगड आणि शेवाळे यांचा पट मांडला; मंदिरातील कोणतीही वस्तू वाया जाऊ नये, अशी अट होती.

क्योटोतील जुन्या घरांच्या इवल्या चौकांतही शेवाळे दिसते. त्याला खरी मुळे नसतात. तंतूंनी ते जमिनीला बिलगते आणि पाणी मुख्यतः पानांनी शोषते. म्हणून खताची मातब्बरी नाही; निवड करायची ती उजेड पाहून. ‘सुगिगोके’ हे देवदाराच्या रोपासारखे उभे वाढणारे शेवाळे थोडे ऊन सोसते. ‘हाइगोके’ जमिनीवर सरपटते. तयार थर दाबून बसवतात, किंवा वाळलेले शेवाळे चुरून मातीवर पेरतात. दुसऱ्या रीतीला धीर फार लागतो. पाणी तुषारांसारखे द्यावे, तेही भर दुपारी नव्हे. तण हाताने वेचावे, पडलेली पाने हलक्या हाताने झाडावीत. ती साचली की खालचे शेवाळे गुदमरते.

पाऊल तर त्याला मुळीच सोसत नाही. साइहो-जीत दर्शकांची गर्दी इतकी वाढली की १९७७ पासून पूर्वसंमतीवाचून प्रवेश बंद करण्यात आला.