हिरोसाकी : इतिहास व ऋतूत्सव

हिरोसाकी : जपानच्या होन्शू बेटाच्या उत्तर टोकाजवळील एक ऐतिहासिक शहर. ते आओमोरी प्रिफेक्चरमध्ये (प्रशासकीय विभागात) मोडते. लोकसंख्या सु. १,६८,००० (२०२०). त्सुगारू मैदानाच्या दक्षिण भागात हे शहर वसले असून त्याच्या पश्चिमेस इवाकी हा १,६२५ मी. उंचीचा ज्वालामुखी पर्वत आहे. येथील हिवाळा दीर्घ असून हिमवृष्टी विपुल होते. वसंतातील चेरीचा बहर, उन्हाळ्यातील कंदिलांच्या मिरवणुका, शरदातील शेवंती व मेपल आणि हिवाळ्यातील बर्फाचे कंदील यांसाठी हे शहर विख्यात आहे. यांतील काही उत्सव प्राचीन भासले, तरी त्यांचे आजचे स्वरूप बव्हंशी अर्वाचीन आहे. सरंजामी राजधानीचे स्थान गमावलेल्या एका नगराने आपल्या किल्ल्याचा नवा उपयोग कसा शोधला, याचा इतिहास त्यांत दडलेला आहे.

इतिहास : सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओउरा (पुढे त्सुगारू) तामेनोबू या सरदाराने नांबू घराण्याचे वर्चस्व झुगारून त्सुगारू प्रदेश हस्तगत केला. १५९० मध्ये तोयोतोमी हिदेयोशीने त्याच्या सत्तेस मान्यता दिली. तामेनोबूने योजिलेला किल्ला त्याचा पुत्र नोबुहिरा याने १६११ मध्ये पूर्ण केला. किल्ल्याचा मूळचा पाच मजली मनोरा १६२७ मध्ये वीज पडून भस्मसात झाला. त्यानंतर सु. दोनशे वर्षे किल्ल्यास मुख्य मनोरा नव्हता. सध्याचा तीन मजली मनोरा १८१० मध्ये बांधण्यात आला. शोगुनशाहीच्या निर्बंधांमुळे त्याची नोंद मात्र मनोरा म्हणून न होता बुरुजावरील इमारत म्हणून झाली. मनोऱ्याच्या जोडीला तीन बुरूज, पाच दरवाजे व खंदकांची रचना हेही मूळ स्वरूपात टिकून आहेत. ईशान्य जपानमध्ये सरंजामी काळातील मनोरा आजवर टिकून राहिलेला हा एकमेव किल्ला होय.

हा प्रदेश भातशेतीच्या उत्तर सीमेवर असल्याने थंड उन्हाळा म्हणजे दुष्काळ, असे समीकरण येथे अनेकदा अनुभवास आले. अठराव्या शतकाच्या अखेरीस पडलेल्या तेन्मेई दुष्काळात या संस्थानातील ऐंशी हजारांहून अधिक लोक मृत्युमुखी पडल्याचे सांगतात. येथील लोकजीवनात ऋतुचक्राला जे महत्त्व आहे, त्याच्यामागे ही पार्श्वभूमी आहे.

मेजी कारकीर्दीत १८७१ मध्ये संस्थाने विलीन करण्यात आली. प्रथम हिरोसाकी हे नव्या प्रिफेक्चरचे ठाणे झाले. तथापि त्याच वर्षी ते ठाणे किनाऱ्यावरील आओमोरी येथे हलविण्यात आले. अशा रीतीने नगराचे राजकीय महत्त्व संपुष्टात आले आणि शेकडो सामुराई कुटुंबांचा चरितार्थाचा आधार नाहीसा झाला. त्यांपैकी कित्येकांनी सफरचंदांच्या लागवडीकडे लक्ष वळविले. १८७५ मध्ये शासनाने सफरचंदाची रोपे या भागात वाटली होती. ती रुजविण्याच्या कामी किकुची तातेए (१८४६–१९१८) या माजी सामुराईने पुढाकार घेतला. आज आओमोरी प्रिफेक्चरमध्ये जपानमधील निम्म्याहून अधिक सफरचंदे पिकतात आणि हिरोसाकी हे त्या उत्पादनाचे प्रमुख केंद्र आहे.

चेरीचा बहर : क्योटोहून आणलेली चेरीची पंचवीस रोपे १७१५ मध्ये किल्ल्यात लावल्याची नोंद आहे. तथापि आजच्या चेरीवनाचा आरंभ मेजी काळात झाला. ओसाड पडू लागलेल्या किल्ल्याची अवकळा पाहून किकुचीने १८८२ मध्ये ‘सोमेई योशिनो’ जातीची सु. एक हजार रोपे तेथे लावली. सामुराई वर्गातील काहींना हे रुचले नाही. आपल्या स्वामींच्या किल्ल्याचे मौजमजेच्या स्थळात रूपांतर करणे त्यांना अवमानकारक वाटले आणि त्यांनी अनेक रोपे उपटली वा मोडून टाकली. रोपे लावणारा आणि ती मोडणारे हे एकाच वर्गातील होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. एकाने बदललेल्या काळाशी जुळवून घेतले होते. इतरांच्या लेखी किल्ला ही त्यांच्या प्रतिष्ठेची अखेरची खूण उरली होती. तोडफोडीतून वाचलेल्या झाडांपैकी एक अद्याप फुलते. या जातीच्या जपानमधील सर्वांत जुन्या वृक्षांत त्याची गणना होते.

किल्ल्याचा परिसर १८९५ मध्ये सार्वजनिक उद्यान म्हणून खुला झाला. युवराजांच्या विवाहाप्रीत्यर्थ १९०१ ते १९०३ या काळात आणखी एक हजार झाडे लावण्यात आली. चेरीदर्शनाचा पहिला सार्वजनिक उत्सव १९१८ मध्ये भरला. किकुचीचा मृत्यूही त्याच वर्षीचा होय. या उत्सवास १९६१ पासून ‘साकुरा मात्सुरी’ (चेरी उत्सव) हे नाव मिळाले. सामान्यतः तो एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या आरंभापर्यंत चालतो. सु. ४९ हेक्टरांच्या या उद्यानात आता सु. २,६०० चेरीवृक्ष आहेत. बहर ओसरताना गळालेल्या पाकळ्यांनी खंदकांचे पाणी झाकून जाते; ते दृश्य पाहण्यासाठीही मोठी गर्दी होते. कोविड-१९ च्या साथीमुळे २०२० चा उत्सव रद्द झाला आणि बहराच्या दिवसांत उद्यानही बंद ठेवावे लागले.

येथील चेरीवृक्षांच्या जोपासनेची पद्धत वैशिष्ट्यपूर्ण आहे. चेरीची फांदी तोडू नये, कारण जखम चिघळून झाड कुजते, असा समज जपानमध्ये पूर्वापार रूढ आहे. हिरोसाकीच्या माळ्यांनी मात्र विसाव्या शतकाच्या मध्यानंतर सफरचंदाच्या बागेतील छाटणीचे तंत्र चेरीस लावले. हिवाळ्याच्या अखेरीस जुन्या फांद्या छाटणे, जखमेवर औषधाचा लेप देणे आणि मुळांना खत घालून नवी फूट आणणे, ही त्यातील मुख्य कामे होत. यामुळे एकेका कळीतून नेहमीपेक्षा अधिक फुले उमलतात. सोमेई योशिनोचे आयुष्य साधारणतः साठ वर्षे मानले जात असता येथे शंभर वर्षांवरील तीनशेहून अधिक वृक्ष आहेत. माजी सामुराईंनी पोटासाठी स्वीकारलेली विद्या अशा प्रकारे त्यांच्याच किल्ल्यातील वृक्षांच्या उपयोगी पडली.

नेपुता : दरवर्षी १ ते ७ ऑगस्ट या काळात हा उत्सव साजरा होतो. सुगीपूर्वीच्या उष्ण दिवसांत अंगी येणारी सुस्ती व तिच्यासह येणारी इडापीडा नदीत सोडून देण्याच्या लोकाचारातून त्याचा उगम झाला असावा, असे मानतात. संस्थानच्या दप्तरात १७२२ मध्ये त्याचा उल्लेख आढळतो. येथील रथ मुख्यतः पंख्याच्या आकाराचे असून ते बांबू, लाकूड व कागद यांचे केलेले असतात आणि आतून उजळलेले असतात. दर्शनी बाजूस योद्ध्यांच्या झुंजीचे आवेशपूर्ण चित्र, तर मागील बाजूस बहुधा एखाद्या स्त्रीचे विषण्ण चित्र रंगविलेले असते. ढोल व बासरीच्या साथीने वस्त्यावस्त्यांतील मंडळे हे रथ ओढत नेतात. जवळच्या आओमोरीतील नेबुता उत्सवात पुतळ्यांचे भव्य रथ व उड्या मारीत नाचणारे जथे असतात. त्या मानाने हिरोसाकीची मिरवणूक धीरगंभीर असते. पूर्वी निरनिराळ्या वस्त्यांच्या मंडळांत हाणामाऱ्या होत व त्यामुळे मेजी काळात या उत्सवावर बंदीही आली होती. १९८० मध्ये या दोन्ही नगरांच्या उत्सवांना महत्त्वाचा अमूर्त लोकसांस्कृतिक ठेवा म्हणून राष्ट्रीय मान्यता मिळाली.

शरद व हिवाळा : जुन्या चांद्र पंचांगातील आठव्या महिन्याच्या प्रारंभी भाविक इवाकी पर्वताची सामुदायिक यात्रा करतात. पिकाबद्दल कृतज्ञता व्यक्त करणे हा तिचा हेतू असतो. ऑक्टोबर–नोव्हेंबरमध्ये उद्यानात शेवंती व मेपल यांचा उत्सव भरतो. तो १९६२ मध्ये सुरू झाला. फेब्रुवारीतील हिमदीपोत्सव त्याहून अलीकडचा, १९७७ पासूनचा आहे. नागरिकांनी घडविलेले बर्फाचे कंदील त्या वेळी किल्ल्याच्या परिसरात उजळतात. ज्या हिमामुळे दैनंदिन जीवन जिकिरीचे होते, तेच या उत्सवाचे साधन बनते.

इतर प्रेक्षणीय स्थळे : सैशोइन मंदिराचा पाच मजली पॅगोडा (१६६७) सु. ३१ मी. उंच आहे. त्सुगारूच्या एकीकरणाच्या लढायांत पडलेल्या मित्र व शत्रू अशा दोन्ही पक्षांच्या योद्ध्यांच्या आत्मशांतीसाठी तो उभारण्यात आला. शहराच्या नैर्ऋत्य भागात सोतो झेन पंथाची तेहतीस मंदिरे एका ओळीने वसविली असून ती किल्ल्याच्या संरक्षणाचाही एक भाग होती. पाश्चात्त्य शैलीच्या मेजीकालीन इमारतींत होरिए साकिची याने बांधलेली ५९ व्या बँकेची वास्तू (१९०४) व जुने नगर ग्रंथालय (१९०६) उल्लेखनीय आहेत.

मनोऱ्याखालील दगडी तटाला फुगवटा आल्याने तो दुरुस्त करणे आवश्यक झाले. त्यासाठी २०१५ मध्ये सु. ४०० टन वजनाचा हा मनोरा न उतरविता अखंड उचलून सु. ७० मी. अंतरावर सरकविण्यात आला. त्या प्रसंगी सर्वसामान्य लोकांनाही दोर ओढण्याची संधी देण्यात आली आणि हजारो लोक तीत सहभागी झाले. ज्या किल्ल्यात चेरी लावणेही एकेकाळी अवमान मानला गेला, त्याचा मनोरा हलविण्यास नागरिकांचे हात लागले.