कलम दोनमधले चार शब्द

ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचं संरक्षण करणारा कायदा संसदेने २०१९ साली केला. त्याच्या दुसऱ्या कलमात, व्याख्यांच्या दाटीत, चार देशी शब्द येऊन बसले: किन्नर, हिजडा, अरवानी आणि जोगता. इंग्रजी मसुदा लिहिणाऱ्यांनी त्यांचं भाषांतर केलं नाही हे बरंच झालं. केलं असतं तर काय झालं असतं, ते याच कायद्याच्या हिंदी पाठात दिसतं. तिथे थेट शीर्षकातच ‘उभयलिंगी व्यक्ति’ आहे. मराठी शाळेत हा शब्द आपल्याला गांडुळाच्या धड्यात भेटतो.

चौघांतला जोगता आपल्या ओळखीचा. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यात सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेला पुरुष तो जोगता आणि बाई ती जोगतीण. कपाळाला भंडारा, गळ्यात कवड्यांची माळ, हाती चौंडकं, डोक्यावर देवीचा जग. कित्येक जोगते लुगडं नेसतात, बाईपणानेच वावरतात. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांनी हे जग मराठी वाचकापुढे आणलं, ‘जोगवा’ चित्रपटाने ते आणखी दूर नेलं. ‘योग’चं प्राकृतात ‘जोग’ झालं. जोगी, जोगवा, जोगता ही सगळी त्याचीच भावंडं. ‘सोडण्या’च्या प्रथेत शोषण किती होतं हे वेगळं सांगायला नको. पण शब्दापुरतं पाहिलं तर जोगता हे नाव देवीशी असलेल्या नात्यावरून पडलं आहे. शरीरात काय आहे नि काय नाही, याची चौकशी ते करत नाही. या गोतातल्या शब्दांत हे फार दुर्मीळ आहे.

अरवानीही नात्याचाच शब्द. अर्जुनाचा मुलगा इरावान, तमिळमध्ये अरवान. तमिळनाडूतल्या कूवागमच्या जत्रेत एका रात्रीपुरती त्याची बायको होणारी ती अरवानी. दुसऱ्या दिवशी तिने मंगळसूत्र तोडून विधवा व्हायचं. तमिळ लोकांनी पुढे हे नाव मागे सारून ‘तिरुनंगै’ हा शब्द रुळवला. ‘तिरु’ म्हणजे श्री आणि ‘नंगै’ म्हणजे बाई. कायद्यात मात्र जुनंच नाव राहिलं.

किन्नर ऐकायला गोड. हिंदी वाहिन्यांनी तो सभ्य पर्याय म्हणून उचलला आणि मराठीनेही मान डोलावली. पण त्याची फोड होते ‘किम् नर’, म्हणजे ‘हा कसला नर?’ पुराणांतले किन्नर हे घोड्याचं तोंड असलेले स्वर्गातले गवई. शिवाय हिमाचलात किन्नौर नावाचा जिल्हा आहे आणि अनुसूचित जमातींच्या यादीत तिथल्या लोकांचं नाव ‘किन्नर’ असंच आहे. आपलं नाव भलत्या अर्थाने वापरलं जातं ही त्यांची तक्रार, आणि ती रास्त आहे.

राहिला हिजडा. अरबी ‘हिज्र’ म्हणजे त्याग, घरदार सोडलेला तो हिजडा, अशी एक व्युत्पत्ती सर्रास सांगितली जाते. ती इतकी चपखल बसते की संशय यावा. काही कोशकार फारसी ‘हीज’कडे, म्हणजे बायकी पुरुषाकडे, बोट दाखवतात, शेवटचा ‘डा’ तर अस्सल देशी. मूळ कुठलंही असो, मराठीत तो शिवी म्हणूनच नांदला. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनी आत्मकथनाला ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’ हे नाव दिलं, तेव्हा पुस्तकाच्या दुकानात ते मोठ्याने मागताना भल्याभल्यांचा आवाज खाली आला असणार.

या चौघांहून जुना शब्द ‘नपुंसक’. संस्कृतात नकाराचा ‘न’ व्यंजनापूर्वी ‘अ’ होतो: धर्म, अधर्म. तो जिथे ‘न’च राहतो अशा शब्दांची यादी पाणिनीने एका सूत्रात दिली आहे. तीत नख, नकुल, नक्षत्र यांच्या पंगतीला नपुंसक बसला आहे. अर्थ एवढाच: ना स्त्री, ना पुरुष. पतंजलीने तर पुढचा प्रश्न विचारला. स्तन म्हणजे स्त्री आणि अंगभर केस म्हणजे पुरुष असं धरलं, तर खाटेला आणि झाडाला लिंग कुठून आलं? शरीराच्या खुणांवर व्याकरणाचं लिंग ठरत नाही, असा निर्वाळा त्याने दिला. अमरकोशात नपुंसकाच्या शेजारी ‘तृतीयाप्रकृति’ आहे. प्रकृती म्हणजे स्वभाव, मूळची घडण. आणि मराठीचं म्हणाल, तर आपलं नपुंसकलिंग भलतंच मायाळू. मूल, लेकरू, पाखरू, मन ही सगळी त्याच घरातली.

मग ‘नपुंसक’ म्हटलं की आपल्याला वैदूंच्या भिंतीवरच्या जाहिराती का आठवतात? ‘ना स्त्री, ना पुरुष’चा अर्थ आक्रसत ‘संभोगाला असमर्थ’ एवढाच उरला, आणि इंग्रजी राजवटीने तर तोच कायद्यात कोरला. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांसाठी होता. त्यातली व्याख्या अशी, की जो स्वतः कबूल करतो किंवा वैद्यकीय तपासणीत उघड दिसतो असा असमर्थ पुरुष. संशयितांची नावं नोंदवहीत चढवायची. नोंद झालेल्याने बायकी कपड्यांत रस्त्यावर दिसलं किंवा नाचलं, तर विनावॉरंट अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. त्याला मुलगा दत्तक घेता येणार नाही, अज्ञानाचं पालक होता येणार नाही, मृत्युपत्र करता येणार नाही. एका शब्दाच्या अर्थावर माणसाचं घर, वारस आणि इस्टेट जात होती.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी ‘नालसा’ खटल्यात हे गणित उलटं केलं. न्या. राधाकृष्णन आणि न्या. सिक्री यांनी सांगितलं, की आपण पुरुष, स्त्री की तिसरे, हे ज्याचं त्याने ठरवावं. त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणं बेकायदा. पाच वर्षांनी संसदेने केलेल्या कायद्याने ‘स्वतःला जाणवणारी’ ओळख मान्य केली खरी, पण दाखला जिल्हाधिकाऱ्याच्या सहीचा. आणि त्यावर ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ हवं असेल तर शस्त्रक्रियेचा कागद. दाराने बाहेर घालवलेली तपासणी खिडकीतून आत आली.

आता आपला सरकारी शब्द, तृतीयपंथी. मतदारयाद्यांत तोच, बातम्यांत तोच, महाराष्ट्राच्या कल्याण मंडळाच्या पाटीवरही तोच. शिवीपेक्षा शंभरपट बरा, यात वाद नाही. पण नाथपंथी, कबीरपंथी यांच्या ओळीत तो ठेवून पाहा. पंथ निवडता येतो, त्याची दीक्षा घेता येते, तो सोडताही येतो. अमरकोशातली प्रकृती या बाबतीत अधिक खरी होती. त्याहून मोठी अडचण ‘तृतीय’ची आहे. बाई म्हणून जगणाऱ्या प्रत्येकीला तिसरं व्हायचं नसतं. वर्तमानपत्रं मात्र सरसकट सगळ्यांना तिसऱ्या रांगेत उभं करतात. त्यापेक्षा विचारावं आणि सांगतील तो शब्द छापावा. एका फोनचं काम आहे.

हा शब्दच्छल नव्हे. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या ग्रामपंचायत निवडणुकीत एका उमेदवाराने महिलांच्या जागेसाठी अर्ज भरला आणि लिंगाच्या रकान्यात ‘स्त्री’ लिहिलं. तुम्ही तृतीयपंथी, ही जागा महिलांची, म्हणून अधिकाऱ्याने अर्ज फेटाळला. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तिचं म्हणणं उचलून धरलं, तिला महिलांच्या जागेवरून लढू दिलं. त्याच महिन्यात मतदान झालं आणि ती निवडून आली.